सातबारा कुणाच्या नावावर?

मंडळी, फुटबॉलच्या बदल्यांमधली लबाडी म्हटली की आपल्याला नोटांनी भरलेली बॅग आठवते. मला आठवतो तो एक करार, जो कुणाला दाखवलाच नव्हता.

31 ऑगस्ट 2006, इंग्लंडमधल्या खेळाडू-नोंदणीचा शेवटचा दिवस. वेस्ट हॅम या लंडनच्या मध्यम वकुबाच्या क्लबने ब्राझीलच्या कोरिंथियन्सकडून अर्जेंटिनाचे दोन तारे आणले: कार्लोस तेवेझ आणि हाविएर माशेरानो. हे इतक्या स्वस्तात कसे आले, हे कोडं सगळ्यांनाच पडलं. उत्तर सोपं होतं. जमीन कसायला वेस्ट हॅमकडे होती, सातबारा मात्र दुसऱ्यांच्या नावावर. खेळाडूंचे आर्थिक हक्क किया जूरबचियान या व्यावसायिकाशी संबंधित कंपन्यांकडे होते, आणि खासगी करारानुसार ठरलेली रक्कम क्लबच्या हातावर ठेवून त्या कंपन्या खेळाडू परत उचलू शकत होत्या. संघाच्या कारभारात बाहेरच्याचा हात नको, असा प्रीमियर लीगचा, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च फुटबॉल स्पर्धेचा, नियमच होता. लीगने विचारलं तेव्हा ‘दुसरे कागद नाहीत’ असं सांगितलं गेलं. ते धादांत खोटं होतं, हे पुढे चौकशीत निघालं.

कागद बाहेर आले ते जानेवारीत, क्लबची मालकी बदलल्यावर. निकाल लागला 27 एप्रिल 2007 ला. दंड 55 लाख पौंड, तेव्हाचा विक्रमी. गुण मात्र एकही कापला नाही. लीगच्या चौकशी आयोगाची कारणं मुळातून वाचण्यासारखी आहेत: क्लबने चूक कबूल केली, मालक नवे आहेत, आणि हंगाम संपत आल्यावर गुण कापले तर क्लब खालच्या श्रेणीत जाईल. हाच निकाल जानेवारीत लागला असता तर गुण बहुधा गेले असते! म्हणजे उशीरच वेस्ट हॅमच्या पथ्यावर पडला.

मग 13 मे, हंगामाचा शेवटचा दिवस. मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर वेस्ट हॅम 1-0 जिंकलं, गोल तेवेझचा. तिकडे तळाशी झगडणारं शेफील्ड युनायटेड घरच्या मैदानावर विगनकडून 1-2 हरलं. निर्णायक पेनल्टी मारली डेव्हिड अन्सवर्थने, जो जानेवारीपर्यंत शेफील्डकडूनच खेळत होता. शेफील्ड आणि विगन, दोघांचे गुण 38. हंगामभराच्या गोलफरकात एक गोल कमी पडून शेफील्ड खालच्या श्रेणीत गेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय?

वेस्ट हॅमने तो खासगी करार आपल्यापुरता रद्द केल्याचं कळवलं होतं, म्हणूनच तेवेझ मैदानात होता. पण उन्हाळ्यात त्याला मँचेस्टर युनायटेडला जायचं झालं तेव्हा त्याच कंपन्या हक्क सांगत उभ्या राहिल्या आणि वेस्ट हॅमला 20 लाख पौंड देऊन प्रकरण मिटलं. रद्द झालेल्या कराराला एवढा जीव कुठून आला, हे विचारण्यात कुणालाच रस नव्हता.

शेफील्डने मात्र पिच्छा सोडला नाही. 2008 मध्ये लवादाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि 2009 मध्ये वेस्ट हॅमने नुकसानभरपाई देऊन तडजोड केली. प्रीमियर लीगने खेळाडूंवरची अशी बाहेरच्यांची मालकी 2008 मध्ये बंद केली. फिफाला जगभर बंदी घालायला 1 मे 2015 उजाडला.

वेस्ट हॅम त्या वेळी प्रीमियर लीगमध्येच राहिलं. शेफील्डला तिथे परतायला 2019 उजाडलं.