मेलबर्न, ६ डिसेंबर १९५६: चार गोल आणि एक छायाचित्र

पडद्यावर दिसणारे हे छायाचित्र जगभर छापले गेले आहे. डोळ्याखाली झालेली जखम, गालावरून छातीवर ओघळणारे रक्त आणि पाण्यातून नुकताच बाहेर आलेला तरुण खेळाडू. त्याचे नाव एर्विन झाडोर, हंगेरीचा खेळाडू. या एका चित्रामुळे मेलबर्न ऑलिंपिकमधला हंगेरी विरुद्ध सोव्हिएत रशिया हा वॉटर पोलोचा सामना ‘पाण्यातले रक्त’ याच नावाने ओळखला जातो आणि मारामारी म्हणूनच सांगितला जातो. हंगेरीने तो सामना ४-० असा जिंकला होता, हे सांगायचे मात्र बहुधा राहून जाते.

वॉटर पोलोत प्रत्येक बाजूला सात खेळाडू असतात. तळाला पाय टेकवायचा नाही आणि गोलरक्षक सोडून कोणीही चेंडूला दोन्ही हात लावायचे नाहीत, असा नियम आहे. त्यामुळे रवी फिरावी तसे दोन्ही पाय आळीपाळीने गोल फिरवत खेळाडू स्वतःला तरंगत ठेवतो आणि नेम धरण्याच्या क्षणी कमरेपर्यंत पाण्याबाहेर उसळतो. पंच काठावर असतात. पृष्ठभागावर जे घडते ते त्यांना दिसते. पण पाण्याखाली कोणी कोणाला लाथ मारली, कोणी कोणाची चड्डी धरून मागे ओढले, यातले फारच थोडे त्यांच्या नजरेला पडते. दोन संघांत वैर असेल, तर ते फेडायला याहून सोयीची जागा नाही.

आणि वैर होते. २३ ऑक्टोबर १९५६ रोजी बुडापेस्टमध्ये सोव्हिएत वर्चस्वाविरुद्ध उठाव सुरू झाला, तेव्हा हंगेरीचा संघ शहराबाहेरच्या डोंगरावर सराव करत होता. खेळाडूंना तिथून चेकोस्लोव्हाकियात हलवण्यात आले. ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे राजधानीत घुसले आणि उठाव चिरडला गेला. पण या घडामोडींचे पुरते चित्र खेळाडूंना कळले ते ऑस्ट्रेलियात पोहोचल्यावरच. कर्णधार डेझो ग्यार्मती आणि त्याची पत्नी एवा सेकेय, १९५२ ची ऑलिंपिक विजेती जलतरणपटू, हे दोघेही मेलबर्नमध्ये होते. त्यांची दोन वर्षांची मुलगी आंद्रेआ मात्र बुडापेस्टमध्येच राहिली होती. तशा मनःस्थितीत एवाने २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये रौप्यपदक मिळवले. हंगेरीवरील आक्रमणाच्या निषेधार्थ नेदरलँड्स, स्पेन आणि स्वित्झर्लंड हे देश त्या स्पर्धेला आलेच नाहीत.

या वैराला खेळातलेही एक कारण होते, आणि माझ्या मते ते अनेकदा दुर्लक्षिले जाते. हंगेरीने वॉटर पोलोत १९३२, १९३६ आणि १९५२ अशी तीन सुवर्णपदके मिळवली होती. बुडापेस्टमध्ये ऊन पाण्याचे झरे आहेत. १८९६ च्या पहिल्या ऑलिंपिकचा विजेता जलतरणपटू आल्फ्रेड हायोश पुढे वास्तुविशारद झाला आणि डॅन्यूबमधल्या मार्गारेट बेटावरचा प्रसिद्ध तलाव त्यानेच बांधला. बेला कोम्यादी या प्रशिक्षकाने चेंडू पाण्यात न पडू देता हातातून हातात हवेतच फेकण्याची पद्धत संघात रुजवली आणि तिच्यामुळे खेळाचा वेगच बदलला. दुसऱ्या महायुद्धानंतर हंगेरीवर सोव्हिएत वर्चस्व आले, तेव्हा सोव्हिएत प्रशिक्षकांना ही सारी विद्या जवळून पाहण्याची आणि उचलण्याची संधी आपोआपच मिळाली. थोडक्यात, आपलेच डाव शिकून आलेल्या संघाशी हंगेरीला खेळायचे होते.

६ डिसेंबर ही तारीख महाराष्ट्राला वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे. त्याच दिवशी दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. मेलबर्नमध्येच त्या दिवशी भारताने पाकिस्तानला १-० असे हरवून हॉकीचे सुवर्णपदक राखले. अशा दिवशी तलावावरच्या या सामन्याकडे आपल्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले असेल, असे वाटत नाही.

तलाव मात्र खच्चून भरला होता आणि प्रेक्षकांत ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेले हंगेरियन मोठ्या संख्येने होते. सामना सुरू होताच लाथा आणि गुद्दे सुरू झाले. ते एकाच बाजूने होते, असे म्हणता येणार नाही. ग्यार्मतीने मारलेला एक ठोसा कॅमेऱ्याने टिपलेला आहे. हंगेरीच्या शाळांत रशियन सक्तीची होती, त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच भाषेत डिवचणे हंगेरीच्या खेळाडूंना अवघड नव्हते, आणि तसे डिवचायचे हे त्यांनी आधीच ठरवले होते. विरोधक चिडला की चेंडू सोडून माणसाच्या मागे लागतो, हा त्यामागचा हिशेब होता. हिशेब बरोबर ठरला. झाडोरने दोन गोल केले आणि हंगेरीची आघाडी चार गोलांवर गेली.

सामन्याची शेवटची काही मिनिटे उरली असताना झाडोरकडे व्हॅलेंटिन प्रोकोपोव्ह या खेळाडूला रोखण्याचे काम होते. झाडोरने पुढे सांगितल्याप्रमाणे, शिट्टी ऐकून तो क्षणभर पंचांकडे वळला आणि तेवढ्यात प्रोकोपोव्हने पाण्यातून उसळी घेऊन त्याच्या चेहऱ्यावर प्रहार केला. रक्त पाहताच प्रेक्षक खाली उतरून थेट तलावाच्या काठापर्यंत आले. सोव्हिएत खेळाडूंच्या दिशेने मुठी उगारल्या गेल्या, काहीजण थुंकले. पोलिसांना मध्ये पडावे लागले, खेळ तिथेच थांबला आणि हंगेरीचा विजय कायम राहिला.

आता हंगेरीचे त्या स्पर्धेतले इतर निकाल पाहावेत. इटलीविरुद्ध ४-०, जर्मनीविरुद्धही ४-०. म्हणजे ज्या सामन्यांना इतिहासात कोणी नाव दिले नाही, त्यांतही आकडा तोच होता. रागाच्या भरात खेळलेल्या संघाचा बचाव सहसा विस्कळीत होतो; इथे तो झाला नाही. त्या रक्ताइतकीच ही गोष्टही लक्षात राहायला हवी होती.

अनेक ठिकाणी या सामन्याला अंतिम सामना म्हटले जाते, पण ते खरे नाही. अंतिम गटात सहा संघ होते आणि सुवर्णपदकासाठी हंगेरीला युगोस्लाव्हियालाही हरवायचे होते. जखमी झाडोर त्या सामन्यात खेळू शकला नाही. हंगेरीने तो २-१ असा जेमतेम जिंकला आणि सोव्हिएत रशियाला कांस्यपदक मिळाले.

झाडोर मायदेशी परतला नाही. तो अमेरिकेत जलतरणाचा प्रशिक्षक झाला आणि लहानग्या मार्क स्पिट्झला त्याने काही काळ शिकवले. स्पिट्झने १९७२ मध्ये म्युनिकला सात सुवर्णपदके मिळवली; त्याच ऑलिंपिकमध्ये, बुडापेस्टमध्ये मागे राहिलेल्या आंद्रेआ ग्यार्मतीने हंगेरीसाठी एक रौप्य आणि एक कांस्य जिंकले. तिचे वडील त्याआधी १९६४ मध्ये टोकियोला पुन्हा पाण्यात उतरले होते. त्या वेळी वॉटर पोलोत पहिला हंगेरी, दुसरा युगोस्लाव्हिया आणि तिसरा सोव्हिएत रशिया असा, मेलबर्नचाच क्रम लागला.