आमदार ते न्यायमूर्ती : कृष्ण अय्यर

पक्षांतर म्हणजे काय, हे गोव्यातल्या श्रोत्यांना सांगायला नको. (हशा) राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाखाली, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याखाली, आमदारांच्या अपात्रतेचा निवाडा करताना सभापती न्यायाधिकरण असतो, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९२ साली म्हटलं. म्हणजे आमदारच न्यायाधीश, आणि पक्ष त्याच्या खिशात. गोव्याचे नेते रवी नाईक यांची सभापतींनी ठरवलेली अपात्रता १९९४ मध्ये त्याच न्यायालयानं रद्द केली. तेव्हा राजकारणातला माणूस निवाडा करायला बसला की आपण संशयानं बघतो. बघावंच.

व्ही. आर. कृष्ण अय्यरांकडेही असंच बघितलं गेलं. केरळातल्या थलश्शेरीचे वकील. कम्युनिस्टांचे खटले चालवतात म्हणून १९४८ साली महिनाभर तुरुंगात. १९५२ ला मद्रास विधानसभेत अपक्ष आमदार, १९५७ ला केरळ विधानसभेत, आणि लगेच कम्युनिस्ट मुख्यमंत्री नंबूद्रिपादांच्या मंत्रिमंडळात. कायदा, तुरुंग, वीज, पाटबंधारे अशी खाती. १९५९ ला सरकार बरखास्त झालं, १९६५ ला ते निवडणूक हरले. १९६८ मध्ये केरळ उच्च न्यायालय, १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालय. मुंबईतल्या काही नामवंत वकिलांनी या नेमणुकीला जाहीर विरोध केला.

मग आला जून १९७५. अलाहाबादच्या निकालानं इंदिरा गांधींची निवडणूक रद्द झालेली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या सुट्टीत तातडीची कामं बघणारे न्यायमूर्ती म्हणून अय्यर एकटेच. कायदामंत्री ह. रा. गोखल्यांनी फोन करून भेट मागितली. हे गोखले स्वतः मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती. त्यांचा प्रवास नेमका उलटा, न्यायासनावरून मंत्रिपदाकडे. अय्यरांनी भेट नाकारली, अपील दाखल करा म्हणाले. २४ जूनला स्थगिती दिली ती सशर्त: बाईंनी पंतप्रधान राहावं, सभागृहात बोलावं, पण खासदार म्हणून मत देऊ नये, मानधन घेऊ नये. दुसऱ्या रात्री आणीबाणी.

मला मात्र त्यांचे तुरुंगावरचे निकाल जास्त मोलाचे वाटतात. तिहारमधल्या एका कैद्यानं दुसऱ्याच्या छळाबद्दल पाठवलेलं साधं पत्र त्यांनी याचिका मानलं. कोठडी आतून बघितलेला, पुढे तुरुंग खातं चालवलेला माणूस असं पत्र फाईलीत पडू देत नाही. मध्य प्रदेशातल्या रतलाम शहराच्या खटल्याचंही तेच. उघडी गटारं, दुर्गंधी, आणि पालिका म्हणते तिजोरीत पैसे नाहीत. ही सबब मंत्री असताना त्यांच्या टेबलावर किती वेळा आली असेल! १९८० च्या निकालात त्यांनी ती साफ फेटाळली. आपल्या पालिकांतल्या मंडळींनी तो निकाल वाचावा. अय्यरांचं इंग्रजी भलतंच अलंकारिक. शब्दकोश घेऊन बसावं लागेल, त्याला इलाज नाही.