प्रवासाची लेन्स निवडताना पहिला आकडा

मित्रहो, पुण्यात छायाचित्रणाच्या गप्पा निघाल्या की एक प्रश्न हमखास येतो : प्रवासाला एकच लेन्स न्यायची आहे, खिसा बेताचा आहे, तर कोणती घ्यावी? झूम लेन्सवर 18-200 असे मिलिमीटरचे दोन आकडे असतात : पहिला जितका लहान तितके दृश्य रुंद, दुसरा जितका मोठा तितके दूरचे जवळ. विचारणाऱ्याचे लक्ष बहुधा यातल्या दुसऱ्या आकड्याकडे असते. 200 बरी की 300, एवढाच घोळ त्याच्या मनात चाललेला असतो. माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की आधी पहिला आकडा पाहावा.

पाताळेश्वराच्या लेण्यात खांबांच्या रांगेसमोर उभे राहिल्यावर मागे सरकायला जागा उरते ती पाठ कातळाला टेकेपर्यंतच. एपीएस-सी या लहान आकाराच्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांकडे असतो त्या कॅमेऱ्यावर, 18 मिलिमीटरची लेन्स आडवे सुमारे 66 अंश पाहते, तर 24 मिलिमीटरची जेमतेम 52. या फरकात दोन्ही कडांचे खांब चौकटीबाहेर जाऊ शकतात आणि नंतर ते कोणत्याही उपायाने परत आणता येत नाहीत. फुल फ्रेमसाठी, म्हणजे जुन्या 35 मिलिमीटर फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरसाठी बनवलेली 24-105 स्वस्तात मिळाली म्हणून एपीएस-सी कॅमेऱ्यावर चढवणाऱ्यांनी हे आवर्जून ध्यानात घ्यावे, कारण लहान सेन्सरवर दृश्य आक्रसते त्या दीडपटीच्या हिशेबाने तिचे रुंद टोक फुल फ्रेमवरच्या 36 मिलिमीटरइतकेच दिसते. पेठांतल्या बोळांत आणि वाड्यांच्या चौकांत तेवढ्याने भागत नाही.

लांबच्या टोकाची गोष्ट निराळी आहे, कारण तिथे कमी पडले तर चित्र कापून घेता येते. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर 135 ला टिपलेले चित्र 200 इतके जवळ दिसेल असे कापले, तरी सुमारे 11 मेगापिक्सेल हाती उरतात आणि त्यातून 12 बाय 8 इंची छपाई उत्तम होते. म्हणून एपीएस-सी कॅमेऱ्यासाठी मी 18-135 किंवा 18-140 या वर्गातली वापरलेली लेन्स सुचवतो. 18-300 सारख्या झूममध्ये पल्ला मोठा मिळतो खरा, पण वजन वाढते, लांबच्या टोकाला प्रकाश आत घेणारे छिद्र बहुधा एफ/6.3 पर्यंत लहान होते (एफचा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान) आणि तिथला तपशीलही मऊ पडतो. भिगवणचे रोहित पक्षी टिपायचे असतील तर 300 देखील पुष्कळदा अपुरीच पडते. त्या एका फेरीसाठी मोठी लेन्स भाड्याने आणणे अधिक शहाणपणाचे.

दिवे घाटात माउलींची पालखी चढत असताना या पल्ल्याचा खरा उपयोग कळतो. हाताच्या अंतरावरून टाळ वाजवत जाणारा वारकरी 18 ला मिळतो आणि वरच्या वळणावरची दिंड्यांची दाट रांग 135 ला. वारीच्या दिवसांतल्या पावसात, त्या गर्दीत लेन्स बदलायला सवड नसते, आणि उघड्या कॅमेऱ्यात थेंब जाण्याची भीती असते ती वेगळीच.

मात्र उजेड कमी झाला की ही लेन्स थकते, हे मान्य केले पाहिजे. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे 38 मीटर खोल आहे आणि आत स्तूपाकडे जावे तसा प्रकाश मंदावत जातो. अशा झूमचे छिद्र 35 मिलिमीटरवर साधारण एफ/4.5 च्या आसपास असते, एफ/1.8 ची साधी 35 मिलिमीटर लेन्स तिथे सहापट प्रकाश आत घेते, म्हणजे जिथे झूमला एक अष्टमांश सेकंद लागतो तिथे हिला एक पन्नासांश पुरतो. स्थिरीकरणाची सोय आपल्या हाताचा कंप सावरते, समोर मान वळवणाऱ्या माणसाला ती थांबवू शकत नाही. झूममधून वाचलेले पैसे या छोट्या लेन्सवर घालावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा असेल आणि थोडे अधिक खर्चायची तयारी असेल, तर सिग्माची 18-50 एफ/2.8 पाहण्यासारखी आहे. वजन 300 ग्रॅमच्या आत, पण तिच्यात स्थिरीकरण नाही, तेव्हा ते कॅमेऱ्यात आहे की नाही ते आधी तपासावे.

ज्यांच्याकडे कॅमेऱ्यासोबत मिळणारी 18-55 आहे त्यांनी खरेदीपूर्वी आपल्याच जुन्या फोटोंची नोंद उघडावी. कोणता फोटो किती मिलिमीटरवर टिपला हे प्रत्येक फाइलमध्ये लिहिलेले असते. बरेचसे फोटो 55 ला अडलेले दिसले तर लांब झूम घ्यावी. ते 18 ते 35 च्या दरम्यान असतील तर नव्या झूमची गरजच नाही, एफ/1.8 ची लेन्स पुरे.

वापरलेली लेन्स घेताना निकॉनच्या डी3000 किंवा डी5000 मालिकेतला कॅमेरा असलेल्यांनी लेन्समध्ये फोकसची मोटर आहे याची खात्री करावी. या कॅमेऱ्यांत ती नसते, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्स त्यांवर हातानेच फोकस कराव्या लागतात. मग कोणत्याही लेन्सची दोन्ही झाकणे काढून, छिद्र पूर्ण उघडे ठेवून, मागून मोबाइलचा दिवा तिरका धरावा आणि पुढून पाहावे. धुळीचे चार कण दिसले तर बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे दिसले तर ती बुरशी आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद कपाटातल्या लेन्सला ती सहज धरते, काचेवरचा लेप खाते आणि साफ करून घेतली तरी डाग राहू शकतात. अशी लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.