जुना गेम, नवा टीव्ही आणि २४० ओळींचा घोळ

नमस्कार. माळ्यावरून जुना व्हिडिओ गेम काढला, धूळ झटकली, हॉलमधल्या ५५ इंची टीव्हीला लावला आणि चित्र बघून मूडच गेला, असं इथल्या बऱ्याच जणांचं झालेलं असणार. मग म्हणतात कॅसेट गेली, मशीन गेलं. बहुतेक वेळा मशीन ठणठणीत असतं हो, टीव्हीलाच ते काय पाठवतंय हे कळत नसतं.

इथे जरा थांबतो, कारण सगळी गोची इथेच आहे. जुना डबा टीव्ही एक चित्र दोन फेऱ्यांत काढायचा, आधी एकाआड एक ओळी, मग मधल्या राहिलेल्या. गेमवाल्यांनी काय केलं, दर फेरीला त्याच त्या ओळींवर नवीन चित्र पाठवलं, साधारण २४० ओळी, मधल्या जागा काळ्याच, म्हणून याला २४०पी म्हणतात, आणि त्यामुळे सेकंदाला ६० पूर्ण चित्रं मिळाली (पाल, म्हणजे आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या मशीनवर ५०), सगळं कसं स्मूद पळायचं. आता नवीन एलसीडी यालाच नेहमीचा ४८०आय, म्हणजे दोन फेऱ्यांत येणाऱ्या चित्राचा सिग्नल समजतो आणि दोन वेगळी चित्रं एकमेकांत गुंफत बसतो. हिरोला मार लागला की तो लुकलुकतो ना, तो मग कधी जाळीसारखा दिसतो, कधी गायबच होतो, वर या सगळ्यात वेळ जातो म्हणून बटण आत्ता दाबलं तर उडी जरा उशिरा.

आधी फुकटातले उपाय करा. टीव्हीत गेम मोड चालू, शार्पनेस आणि नॉइज रिडक्शन शून्यावर, साइझ ४:३. हे शेवटचं लोक ऐकतच नाहीत, बाजूच्या काळ्या पट्ट्या डोळ्यांत खुपतात म्हणे, आणि मारिओ आडवा सुटलेला चालतो! चित्र ब्लॅक अँड व्हाइट आलं तर घाबरू नका, पुष्कळ टीव्हींना एव्ही वायरीच्या पिवळ्या (चित्राच्या) पिनसाठी वेगळं भोकच नसतं, ती हिरव्यात घालायची आणि सोर्समध्ये कंपोनंट (चित्र हिरव्या-निळ्या-लाल तीन पिनांनी येतं ते) नाही, एव्ही निवडायचं.

मग वायर. नव्वदच्या दशकात आपल्याकडे मिळायचे ते बहुतेक निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉमच्या नकला, त्यांची अँटेनाची वायर आधी काढा, बाजूला एव्हीची भोकं असतात ती वापरा. यापुढे मात्र तिथे फारसं काही होत नाही, कारण त्यातली चित्राची चिपच रंग आणि उजेड एकत्र करून बाहेर सोडते, वरणभात कालवल्यावर परत वेगळा कोण करणार. सेगाच्या मेगा ड्राइव्हचं तसं नाही, त्यातून चांगला आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे) निघतो. गंमत म्हणजे सॉनिकच्या पहिल्या गेममधला धबधबा पिवळ्या वायरीवर पारदर्शक दिसतो आणि आरजीबीवर नुसत्या उभ्या रेघा, कारण बनवणाऱ्यांनी त्या धूसरपणाचा हिशोब धरूनच तो काढलाय. पीएसटू (प्लेस्टेशन २) असेल तर कंपोनंट केबल घ्या, फक्त सिस्टम कॉन्फिगरेशनमध्ये आरजीबी बदलून कंपोनंट करा, नाहीतर सगळं हिरवं. त्यावर पीएसवनची डिस्क लावली की काही टीव्ही चित्रच दाखवत नाहीत, परत तेच २४०पी.

एव्ही टू एचडीएमआयच्या स्वस्त डबीबद्दल सगळे विचारतात. घेऊ नका. नुसतं एचडीएमआयचं भोक मिळतं, चूक तीच होते, फक्त टीव्हीऐवजी डबी करते, आणि वर १६:९ ला ताणून देते. खर्चच करायचा तर रेट्रोटिंक किंवा ओएसएससी, या जुन्या गेमसाठीच बनवलेल्या कन्व्हर्टर डब्या, यांना २४०पी ओळखता येतं आणि ते प्रत्येक ओळ दुप्पट करून पुढे देतात. पण ओएसएससीत पिवळी पिन चालत नाही, त्यामुळे नकलेच्या मशीनला रेट्रोटिंक टूएक्स बरं.

आणि घरात जुना डबा टीव्ही चालू स्थितीत असेल तर यातलं काहीच करू नका, त्यालाच लावा. गेममधली बदकं मारायची बंदूक तर फक्त त्याच्यावरच चालते, ट्रिगर दाबल्यावर पडद्यावर चमकणारा पांढरा चौकोन तिला ठरावीक क्षणी दिसावा लागतो आणि एलसीडी तो उशिरा दाखवतो. फक्त त्याचं मागचं झाकण उघडायला जाऊ नका, प्लग काढल्यावरही आत जीवघेणा करंट साठलेला असू शकतो, ते काम मेकॅनिकचं.