कुसळ फिरतं तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. दिवाळीच्या सुट्टीत पोरं टेकडीवर हुंदडून आली की त्यांच्या मोज्यांत काय काय अडकलेलं असतं, हे घरोघरच्या आयांना मी सांगायला नको. त्यातलं सगळ्यात चिवट, बोटाला टोचणारं आणि ओढलं की अर्धंच हातात येणारं, ते कुसळ. आज त्या कुसळीच्या गवताबद्दल बोलते.

वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस. १७५३ साली लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याची नोंद केली, तेव्हापासून ‘कॉन्टॉर्टस’ हा शब्द त्याला चिकटला आहे. कॉन्टॉर्टस म्हणजे पिळलेलं. पिळलेलं, एवढं ध्यानात ठेवा, सगळी गंमत त्या पिळात आहे.

मी तेव्हा सहावीत होते. नागपूरच्या सेमिनरी हिल्स टेकडीवरून आले ती मोजे कुसळांनी भरूनच. आईनं अंगणातच थांबवलं, म्हणाली, एकही कुसळ घरात येता कामा नये. तासभर उपटत बसले, कंटाळले आणि मोजे तसेच बादलीत बुडवले. थोड्या वेळानं वाकून पाहते तर पाण्यातली कुसळं हलत होती! घड्याळाच्या काट्यासारखी, सावकाश, आपली आपणच फिरत होती. मी किंचाळले.

आजी ओसरीवर होती. काटोलकडच्या खेड्यातली, लहानपणी बकऱ्या राखलेली. म्हणाली, “काहून ओरडून राहिली वं?”

“आजी, हे जिवंत आहे!”

“जित्तं नाही बाई ते. पाणी पेलं त्यानं, म्हणून पीळ सुटून राहिला.”

तिनं बादलीतून पाच-सहा कुसळं उचलली आणि तुळशीशेजारच्या मोगऱ्याच्या कुंडीत, भुसभुशीत मातीवर आडवी टाकली. “आता हात नको लावू,” म्हणाली. दुपारच्या उन्हात ती वाळली, पुन्हा पिळली गेली. संध्याकाळी आजीनं पाणी शिंपडलं, पुन्हा फिरली. दुसऱ्या दिवशीही ऊन आणि पाणी, ऊन आणि पाणी. मी शेजारी पाट टाकूनच बसले होते. कुसळाची शेपटी ढेकळाला टेकायची, तिथं अडायची, आणि मग शेपटीऐवजी टोक फिरायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन कुसळांच्या नुसत्या शेपट्या मातीबाहेर होत्या. बी आत गेलं होतं. सुताराचं गिरमिट लाकडात शिरतं ना, अगदी तसं.

कारण साधं आहे. कुसळाच्या शेपटीतल्या पेशी ओलाव्यानं सारख्या फुगत नाहीत, म्हणून ओलं झालं की पीळ सुटतो आणि वाळलं की बसतो. रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन एवढ्यावर हे चालतं. टोक सुईसारखं, आणि टोकाजवळ तांबूस केस, मागे वळलेले. त्यामुळे आत गेलेलं बी मागे सरकत नाही. मोज्यातून ते उलटं निघत नाही, ते याच केसांमुळे. पुन्हा सांगते, ओलं झालं की पीळ सुटतो, वाळलं की बसतो.

हे गवत उथळ मुरमाड जमिनीचं. सागाच्या विरळ जंगलात, उतारावर, जिथं ऊन खालपर्यंत पोचतं तिथं ते गुडघ्यापासून कमरेपर्यंत वाढतं. दाट सावली त्याला सोसत नाही. बुंध्याशी चपटं, आणि कणसाच्या खालच्या दाण्यांना कुसळ नसतंच, फक्त वरच्यांना. पिकल्यावर ती काळपट कुसळं एकमेकींत गुंतून वेणी घालतात. लोंब्या धरायच्या आधी गुरं आवडीनं खातात, नंतर तोंड लावत नाहीत. मेंढ्यांच्या लोकरीतून तर ते कातडीत घुसतं. वणवा वरून निघून गेला तरी मातीत रुतलेलं बी वाचतं, म्हणून जळलेल्या उतारावरही पावसाळ्यात हेच पुन्हा दिसतं.

एक बोलून टाकते. अशा गवताळ उताराला ‘पडीक’ म्हणायचं आणि झाडं लावायला खड्डे खणत सुटायचं, हे मला पटत नाही. टिटवीची, लाव्यांची घरं अशाच माळांवर असतात. आणि नागपूरच्या मे महिन्यात, टँकरची वाट पाहणाऱ्या वस्त्या असताना, लॉनवर पिण्याचं पाणी सोडणं तर मुळीच पटत नाही. आपल्या मातीचं गवत पाणी मागत नाही हो. पावसावर जगतं, उन्हाळ्यात वाळून उभं राहतं.

त्या कुंडीचं राहिलंच. पुढच्या आषाढात मोगऱ्याच्या बुडाशी तीन हिरव्या पाती वर आल्या. आई कुंडीत तण राहू देत नसे. त्या तीन पात्यांना मात्र तिनं हात लावला नाही.