आयपॅक गेला, झॉरस गेला, बिटबेक मात्र टिकला

नमस्कार मंडळी! आज छोट्या उपकरणांसाठी लिनक्स तयार करणाऱ्या बिटबेक या टूलची गोष्ट. स्क्रीनवर दिसतोय तो कॉम्पॅकचा आयपॅक, साल 2000. खिशात मावणारा कॉम्प्युटर. प्रोसेसर 206 मेगाहर्ट्झ, रॅम 32 एमबी आणि फ्लॅश, म्हणजे वीज गेली तरी डेटा टिकवणारी मेमरी, फक्त 16 एमबी. आजच्या फोनवर चार-पाच फोटो काढले की एवढी जागा संपते!

आत होतं विंडोज सीई, मायक्रोसॉफ्टची छोट्या उपकरणांसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम. कॉम्पॅकच्याच केंब्रिजच्या रिसर्च लॅबमधल्या लोकांनी आयपॅकवर लिनक्स चालवून दाखवलं आणि पुढे ‘फॅमिलियर’ हे डिस्ट्रिब्युशन, म्हणजे लिनक्सचा तयार संच, आलं. ते चढवायचं म्हणजे आधी बूटलोडर, म्हणजे चालू करताच सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम, बदला. जीव मुठीत धरायची वेळ हीच, कारण मध्येच गडबड झाली तर आयपॅक चालूच व्हायचा नाही. मग सिरियल केबल लावा, वेग 115200 बॉड, म्हणजे सेकंदाला तेवढे बिट. सेकंदाला साधारण 11 केबी. हिशोब करून बघा, 16 एमबी पाठवायला वीस-पंचवीस मिनिटं.

आणि फ्लॅशचं दुखणं वेगळंच. जुना डेटा पुसायचा तर अख्खा ब्लॉक पुसावा लागतो आणि फार वेळा पुसला की तो ब्लॉक कामातून जातो. म्हणून जेएफएफएस2 ही फाइल सिस्टिम. ती लिखाण सगळ्या ब्लॉक्सवर फिरवते, वर डेटा दाबून लहानही करते.

शार्पने 2002 मध्ये झॉरस एसएल-5500 हा असाच खिशातला कॉम्प्युटर लिनक्स घालूनच विकला. तरी हौशी लोकांना स्वतःचं हवं होतं, म्हणून ओपनझॉरस हे त्यांचं डिस्ट्रिब्युशन. खरी कटकट इथे आहे. झॉरसवर कंपाइल करत, म्हणजे सोर्स कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवत बसणं परवडत नाही, तेव्हा पीसीवर बसून झॉरसच्या आर्म प्रोसेसरसाठी क्रॉस-कंपाइल करायचं. एक लायब्ररी बदलली की दहा पॅकेजेस रुसतात. यातूनच ओपनएम्बेडेड हा लिनक्स बिल्ड करायचा प्रोजेक्ट आणि त्याचं बिटबेक हे टूल आलं. सोर्स कुठून आणायचा, कुठले पॅच लावायचे, कशावर अवलंबून आहे, हे प्रत्येक पॅकेजच्या रेसिपीत लिहायचं. क्रम बिटबेक लावतो.

ओपनझॉरस 2007 मध्ये बंद पडलं. बिटबेक मात्र 2010 च्या योक्टो प्रोजेक्टमध्ये गेलं, तिथेही काम एम्बेडेड, म्हणजे उपकरणांत बसवायचं लिनक्स बनवायचंच. माझ्या मते त्या मंडळींची खरी कमाई हीच. आज पुण्यात गाड्यांच्या एम्बेडेड लिनक्सवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, योक्टोला दोन शिव्या हमखास ऐकायला मिळतील.

तुम्हाला करून बघायचं असेल तर बोर्ड विकत घेऊ नका. क्यूईएमयू, म्हणजे पीसीवरच दुसऱ्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम, त्याच्यासाठी ‘कोअर-इमेज-मिनिमल’ ही योक्टोची छोटी लिनक्स इमेज बिल्ड करा. डिस्कवर शंभर-दीडशे जीबी मोकळी ठेवा आणि पहिला बिल्ड रात्री लावून झोपा.