सहलीची तारीख कोण ठरवतं? बस की चंद्र?

नमस्कार मंडळी! हे बघा, आजच्या व्हिडिओचं सगळं साहित्य. (कॅलेंडर कॅमेऱ्यासमोर धरतो.) भिंतीवरचं साधं कॅलेंडर. मात्र तिथ्या छापलेलं हवं.

काही वर्षांपूर्वी एका शाळेने मला बोलावलं. सातवीची 60 मुलं, जुहूचा किनारा, विषय समुद्रजीव. बस 11 वाजता पोचली. मुलांनी विचारलं, "सर, खडक कुठे आहेत?" मीही तेच शोधत होतो. खडक होते, पण पाण्याखाली! त्या दिवशी पौर्णिमा होती. तारीख ठरवली होती बसवाल्याने, आणि मी मूर्खासारखा "हो हो, चालेल" म्हणून बसलो होतो. मग काय, मुलांनी भेळ खाल्ली, वाळूचे किल्ले केले आणि परत गेली.

आता त्या दिवशी मी करायला हवा होता तो हिशेब. आजी-आजोबांना पाऊणकी पाठ असायची, आठवतंय? पावकी, निमकी, पाऊणकी... मुंबईच्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा म्हणजे 15. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. म्हणजे सव्वाअकराला पूर्ण भरती, आणि आमची बस 11 ला! तृतीया घ्या. तीन पाऊणे सव्वादोन. भरती सव्वादोनला, तर ओहोटी त्याच्या साधारण सहा तास आधी, सकाळी सव्वाआठला. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. चंद्र रोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा उगवतो, भरतीही तशीच सरकते. हिशेब ढोबळ आहे, रत्नागिरी-गोव्याकडे वेळ थोडी मागेपुढे होते. त्यामुळे शेवटी भरती-ओहोटीचा तक्ता बघायचाच.

मग कोणी हुशार शिक्षक म्हणतात, "अष्टमीला जाऊ या की! आठ पाऊणे सहा, म्हणजे ओहोटी दुपारी 12 ला. शाळेच्या वेळेत बसतंय." बसतंय खरं. पण अष्टमीला भांग असते. पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, खडक धड उघडे पडतच नाहीत. आपल्याला हवी उधाणाची ओहोटी, तेव्हा पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली उतरतं. म्हणजे अमावस्या-पौर्णिमेनंतरचे दोन-चार दिवस. तक्त्यात ओहोटीची उंची 1 मीटरच्या आत दिसली की मी तो दिवस धरतो.

आणि पोचायचं ओहोटीच्या दीड तास आधी. पाणी मागे हटत असतं, आपण त्याच्या मागे मागे जायचं. ओहोटीची वेळ झाली की शिट्टी, सगळे बाहेर. इथे मी कोणाचंही ऐकत नाही. 2016 साली मुरुडच्या समुद्रात सहलीला आलेली कॉलेजची मुलं बुडाली. त्यानंतर शाळांनी समुद्राचा धसका घेतला, तो समजण्यासारखा आहे. पण समुद्राऐवजी वॉटर पार्क हे मला पटत नाही. भरती कधी लागते हे ज्या मुलाला मोजता येतं, ते खडकावर उगाच रेंगाळत नाही. माझा नियम : दहा मुलांमागे एक मोठं माणूस, पायात बंद बूट (शेवाळावर चपला म्हणजे आपटणं नक्की), आणि पावसाळ्यात अजिबात नाही.

बरं, दिसतं काय? तृतीयेच्या एका सकाळी एक मुलगी हाजी अलीच्या खडकांत एका डबक्यापुढे उकिडवी बसली होती. पाण्यात समुद्रफूल उघडलेलं. तिची सावली पडली, आणि तिने नुसतं बोट पाण्यात बुडवलं, तर सगळ्या पाकळ्या आत! उरली एक ओली गोळी. "सर, फूल लाजलं!" मी म्हटलं, फूल नाही, प्राणी आहे, आणि त्या पाकळ्या म्हणजे शिकार पकडणारे हात. ती पाच मिनिटं हलली नाही. पाकळ्या एकेक करून परत बाहेर येईपर्यंत. वर्गात पाच मिनिटं गप्प बसवून दाखवा बरं!

शेजारी एक शंख चालत होता. आत खेकडा, भाडेकरू. मोठा झाला की मोठी खोली शोधतो. म्हणून रिकामे शंख पिशवीत भरायचे नाहीत, ती त्याची उद्याची खोली असते. दगड उलटला तर तसाच्या तसा परत ठेवायचा, कारण खालच्या बाजूला राहणारे जीव उन्हात मरतात. आणि प्रवाळ दिसलं तर हातही नाही. वाघाला जो कायदा आहे, 1972 चा, त्याच्याच पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आहे. होय, मुंबईत प्रवाळ आहे! कोस्टल रोडच्या वेळी हाजी अली आणि वरळीहून ते हलवावं लागलं होतं.

मुख्याध्यापक विचारतील, वेळ कुठून काढायचा? 2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितलेत. त्यातली एक सकाळ मागा.

चला, या पानावर बघू. ही पौर्णिमा... द्वितीया शनिवारी, तृतीया रविवारी. रविवारी बस मिळणार नाही. चतुर्थी सोमवारी. चार पाऊणे तीन, म्हणजे ओहोटी 9 ला. साडेसातला खडकावर, म्हणजे शाळेतून निघायचं साडेसहाला. पालकांना चिठ्ठी आजच लिहायला घ्या, डबा आदल्या रात्री भरायचाय.